मंद

नागभीडच्या दुकानदारानं तीन नमुने दिले,
परत आणायच्या बोलीवर.
गटाला चौदा टॉर्च घ्यायच्या आहेत,
धान निसवायच्या आत.
निसवलं की डुकरांना सांगावं लागत नाही.

खोक्यावर छापलं होतं: मंद उजेडावर शंभर तास.
कोणी मोजले, ते छापलं नव्हतं.

मी सचिव. वर्गणीच्या रजिस्टरात
मागच्या पानावर तीन रकाने आखले:
निळी, काळी,
आणि ती पिवळी, जिची कडी आधीच तुटलेली.
सोमवारी सात वाजता तिन्ही मंदावर लावल्या
आणि रिकाम्या ढोलीत सोडल्या,
लेकीची झोप मोडू नये म्हणून.
झाकण उचललं की तळाशी
तीन दाणे, झाडताना राहून गेल्यासारखे.

पहाटे चार: तिन्ही.
मंगळवार, निंदणाहून आल्यावर: तिन्ही.
त्याच रात्री दोनला निळी गेली.
एकतीस तास.
पाहुणा ताटावरून उठून जावा, तशी गेली.

काळीचं तसं नाही.
ती विझेना, आणि उजेडही पडेना.
नुसती स्वतःपुरती होती.
इंदूबाई म्हणाली, चालू आहे.
शेवंता म्हणाली, मेली कधीचीच.
बैठकीत याच्यावर चहा दोनदा झाला.
एकीचं म्हणणं, बिडीच्या कट्ट्यावरचं चित्र ओळखू आलं पाहिजे.
दुसरीचं, पायाखालचा साप.
मी म्हटलं, सापासाठी तेज आहे, वरचं बटण.
मंद कशासाठी आहे ते सांगा.

कोणी बोललं नाही.
चौदाही जणींचे माणसं जागलीला जातात.

मंद उजेडाचं डुकराला काही वाटत नाही.
वाघाचं मला विचारू नका.
तरी रेवनाथ मचाणावर रातभर मंद लावून ठेवतो.
का, ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
आमच्या अंगणातून, बोडीच्या पारीवरून,
मोहाच्या डाव्या बाजूला तो ठिपका दिसतो.
दोनला मला जाग येते. लेकीसाठी, पाण्यासाठी,
कधी कशासाठीच नाही.
बघते. येऊन झोपते.

मागच्या साली एका रात्री ठिपका नव्हता.
बोडी ओलांडली तेव्हा कळलं, पायात चप्पल नाही
आणि हातात विळा आहे.
तो मचाणावर घोरत होता. सेल उतरले होते.
"काहून आली तू?"
"सेल देवाले."
माझ्या हातात सेल नव्हते.
त्यानं विळ्याकडे पाहिलं, आणि सरकून जागा केली.

तर मी रजिस्टरात काट मारली
आणि पुन्हा पहिल्यापासून धरलं.
शुक्रवारी काळी आणि पिवळी, दोन्ही भरून,
रेवनाथच्या हाती दिल्या.
दिवसाही विझवायच्या नाहीत, बजावलं.
मी अंगणात, तो मचाणावर, मधे फोन.
"दिसते का व?"
"कोनती?"
"काळी. डाव्या हाताची."
"दिसते."
"आता पिवळी?"
"दिसते ना."
आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली,
इतकं आम्ही एका रात्रीत क्वचित बोललो.

रविवारी रात्री दोनला काळी दिसेना.
तो म्हणाला, इथून तर दिसते.
मी म्हटलं, तुझ्या इथलं धरायचं नाही.
पंचावन्न.

मंगळवारी पाऊस भुरभुरत होता.
आठला पिवळी दिसली. सत्त्याण्णव.
नऊला दिसल्यासारखी वाटली, ते लिहिलं नाही.
दहाला बोडीपलीकडे सारा अंधार एकसारखा.

"आता?" त्यानं विचारलं.
"नाही."
थोडा वेळ दोघांकडूनही बेडकंच ऐकू येत होते.
मग म्हणाला, "मी आहो इथं. लिहून घे."

लिहिलं: पिवळी, अंगणातून, सत्त्याण्णव तास.
चौदा घ्याव्यात. कडीला सुतळी बांधता येते.
त्याचं वाक्य लिहिलं नाही.
रजिस्टर गटाचं आहे.